शिलाईत सापडलेला ससाणा

गुरुजी, तुमच्याविरुद्ध गंभीर तक्रार आहे. यज्ञवेदींवर पुस्तक लिहिणाऱ्याने वेदीच्या आकारासाठी निदान एका पानात मावेल असा पक्षी निवडावा. तुम्ही निवडलात पंख पसरलेला ससाणा. मी इथे अकोल्यात तुमच्या पुस्तकाची पानं लावत बसलोय आणि तो माझ्या डोक्यावर घिरट्या घालतोय. डावा पंख डाव्या पानावर, उजवा उजव्यावर, इथवर ठीक. पण धड नेमकं मधल्या शिलाईत जातं.

कच्ची प्रत घेऊन अमरावतीला तुमच्या घरी काकूंकडे गेलो. तुमच्यामागे पुस्तक निघावं हा त्यांचाच हट्ट. त्यांना आता दिसतं फार कमी. पानाला नाक लावून, बोट फिरवत बघतात. पंखावरून निघालेलं बोट मधल्या घडीशी अडलं. "मधात काहून तुटला बाप्पा हा?"

मला तुमचं स्वयंपाकघर आठवलं. वेदी शिकवायला तुम्हाला तेवढीच फरशी मोकळी सापडलेली. तुम्ही दोरी ताणून उभे, काकू रांगोळीने एकेक वीट आखतायत, शेगडीवर वांगी करपतायत, आणि तुम्ही माझ्यावरच ओरडताय, "शेपटीवरून पाय काढ, गाढवा!" पुस्तकातलं चित्रही काकूंच्याच हातचं. ते तोडून कसं चालेल?

उपाय छापखान्यातला जुनाच. मोठ्या कागदाला घड्या घालून पानं होतात. त्यातली अगदी मधली दोन पानं एकाच अखंड कागदाची असतात. ससाणा तिथे बसवायचा. पण त्यासाठी चित्राच्या आधीचा मजकूर अर्धं पान कमी पडत होता. तुम्ही असतात तर अर्ध्यासाठी अडीच पानं लिहून दिली असतीत, आणि मी पुन्हा अडकलो असतो. शेवटी विटांच्या मापांचा खुलासा मीच लिहिला, नवी प्रत घेऊन गेलो आणि तुमच्या मजकुराला जोडून काकूंना वाचून दाखवला.

काकू हसल्या. "हे तू लिव्हलं न? त्यायले इतकं थोडक्यात कधी जमलंच नाही." मी मुकाट्याने वर 'संपादकाची टीप' असं घातलं. मग त्यांचं बोट डाव्या पंखावरून निघालं आणि कुठेही न अडता उजव्याच्या टोकाला पोचलं. "आता उडते," म्हणाल्या.

छापखान्याने दिवाळीनंतरचा वायदा केलाय. तुमचा सध्याचा पत्ता मजजवळ नाही, म्हणून हे पत्र त्या कच्च्या प्रतीतच ठेवतो. डॉक्टर म्हणतात, काकूंची नजर उतरतच जाणार. पुस्तक हातात येईल तेव्हा त्यांना ससाणा दिसेल की नाही, याची मला भीती वाटते.