आईंचं गणित

निनाद,

आईंना घेऊन शाळेत जातेय, त्यांना घरभर शोधत बसू नकोस.

काल तू म्हणालास, आईंच्या इंग्रजीला माझ्या दुसरीच्या वर्गातली मुलं हसतील, ते रेकॉर्डिंग डिलीट कर. मी केलेलं नाही. आज मैदानातल्या झाडांवर क्यूआर कोड चिकटवणार आहे. मुलं टॅबलेटने स्कॅन करतील, कुणाच्या तरी आजीने किंवा आजोबांनी सांगितलेलं गणित ऐकतील आणि तिथेच सोडवतील. पहिल्याच मेपलवर आपल्या आई आहेत.

आणि हो, तू खाली बोललास ते वर त्यांच्या खोलीत ऐकू गेलं. “हसली तर हसू देत, मी समोरच उभी राहते,” म्हणाल्या. साडीवर तुझं जाड जॅकेट चढवून माझ्याआधी गाडीत जाऊन बसल्यात.

आन्याचा डबा भरलाय, तिला बसपर्यंत सोड.

खाली तोच कोड चिकटवलाय, ऐक. आईंनी बारा लाडू केले, मुलाने पाच चोरून खाल्ले आणि आळ बहिणीवर घातला, तर उरले किती? त्यात त्यांनी तुझं नाव घेतलंय. बदलू का, असं मी विचारलं होतं.

“मुळीच नाही,” म्हणाल्या.

मृण्मयी