रेषेच्या चार हात अलीकडे

१२ ऑगस्ट, शनिवार, संध्याकाळी ७
हरलो नाही. कागदावर हरलो. रेषा आधी मी ओलांडली, हे सगळ्या स्टँडने पाहिलं. तरी वर्नाबाई ओबरहोल्ट जिंकल्या. वय एकाहत्तर, एकतीस वर्षं शाळेची बस चालवली, आता भाजी आणायच्या तपकिरी स्टेशन वॅगनने शर्यत खेळतात.

बाईंनी रेषेच्या चार हात अलीकडे ब्रेक दाबला. मी सुसाट पुढे. काचेवर माझ्या गाडीचा वेळ ८.६० सेकंद लिहिला होता, पोहोचलो ८.४४ ला. लिहिल्यापेक्षा लवकर पोहोचला तो बाद. म्हणजे बाई मागे राहून जिंकल्या! याला शर्यत म्हणायचं की दरोडा?

नॅडीन म्हणाली, पण तुझी गाडी ८.४० चीच आहे ना, मग ८.६० कशाला लिहिलंस? बायकोला काय कळणार. जरा जागा ठेवून लिहावं. याला नम्रता म्हणतात.

१३ ऑगस्ट, रविवार
चर्चमध्ये पास्टर खरेपणावर बोलले. रोख कुणाकडे होता ते मला कळलं. बाई पहिल्या बाकावर बसून मान डोलवत होत्या. काय ही हिंमत!

संकल्प : ब्रेकवर बंदी आणायची. दुसरा संकल्प : वजन कमी करायचं (माझं. गाडीचं झालंय).

१५ ऑगस्ट, सकाळी ६.१०
अर्ज लिहिला. मुद्देसूद. प्रत्येकाने आपल्या गाडीचा वेळ पांढऱ्या बूट-पॉलिशने काचेवर लिहावा. हळू गाडीला तेवढ्या फरकाने आधी सोडावं. इथवर ठीक. पण त्यानंतर रेषेपर्यंत मर्दासारखं जावं! अलीकडे ब्रेकचा दिवा लागला की बाद. खाली सही : डेलमर फ्रिच, बावीस वर्षांचा अनुभव.

बावीस वर्षं माझ्या काचेवर ४१६ नंबर आहे. सीझनच्या विजेत्याला वर्षभर १ नंबर लावता येतो. गुणांत यंदा बाई आणि मी खांद्याला खांदा लावून आहोत. मला तो १ हवा आहे. इथे लिहायला हरकत नाही, फार हवा आहे.

१९ ऑगस्ट, शनिवार
पाऊस. शर्यत रद्द. जिंकलो असतो.

२६ ऑगस्ट, शनिवार
अर्जावर सव्वीस सह्या मिळाल्या. सत्ताविसावी खुद्द बाईंची! मी कागद पाठीमागे लपवत होतो, तर त्याच म्हणाल्या, आण रे इकडे, कुठे करू सही? माझंच पेन घेतलं. वर म्हणाल्या, पोर्क सँडविच खाल्लंस का, आज छान झालंय. घाबरल्या आहेत, स्पष्ट दिसतं. सँडविच खरंच छान होतं. दोन खाल्ली.

आज बाई जिंकल्या. मी दुसऱ्या फेरीत बाद झालो. कारण वारा.

५ सप्टेंबर
ट्रॅक-मॅनेजर लोवेलचा फोन. म्हणाला, डेलमर, बाबा, तुझा अर्ज मंजूर. सीझनच्या शेवटच्या शनिवारी करून बघू. ब्रेकचे दिवे बघायला रेषेवर आपल्या ऑर्व्हलला उभा करतो. आता तरी दर मंगळवारी फोन करणं थांबव.

न्याय आहे जगात! बाईंचं हत्यार गेलं. ब्रेकविना बाई म्हणजे नुसती स्टेशन वॅगन.

९ सप्टेंबर, शनिवार
जुन्या नियमाचा शेवटचा दिवस (पुढचे दोन शनिवार शर्यत नाही). मीही एकदा ब्रेक दाबला, निव्वळ अभ्यास म्हणून. जिंकलो. ही गोष्ट वेगळी. मी विरोध नोंदवून दाबला.

२९ सप्टेंबर, शुक्रवार
उद्या शेवटची शर्यत. गुण अगदी सारखे. नॅडीन म्हणाली, आता ब्रेक नाही तर खरा वेळ लिही की. बाई तसंच करणार बघ. मी म्हणालो, ब्रेकवर बंदी आहे, ॲक्सिलरेटरवरून पाय उचलण्यावर नाही. रेषेजवळ पाय अलगद उचलायचा, बाईंच्या हातभर पुढे राहायचं. नियमही पाळला, नम्रताही राहिली. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. कौतुकानेच असणार.

३० सप्टेंबर, शनिवार, दुपारी ४.४०
फायनलला बाई आणि मी. बाईंच्या काचेवर १०.१०. माझ्या काचेवर ८.६०. बाई आधी सुटल्या. दीड सेकंद थांबून मी निघालो. उत्तम निघालो, हे लिहून ठेवतो.

रेषेच्या जरा अलीकडे त्यांना गाठलं. पाय उचलायची हीच वेळ. बाजूला पाहिलं तर बाई समोर बघत, मुलं बसमध्ये बसवून निघाल्यासारख्या शांत. ना मान वळवली, ना डोळा. माझा पाय खाली गेला. का गेला ते पायाला विचारा. ब्रेक आठवला, तेवढ्यात ऑर्व्हल दिसला.

लोवेलने भोंग्यावर सांगितलं, वर्नाबाई, लिहिले १०.१०, लागले १०.११. मग थांबला. डेलमर, लिहिले ८.६०, लागले ८.३९. स्टँड हसलं. दुसऱ्यांदा वाचायची काय गरज होती?

बाईंनी हात मिळवला. म्हणाल्या, गाडी काय पळते रे तुझी, कशाला लपवतोस. मी बाहीने काचेवरचं ८.६० पुसलं. काच भरली होती, धुळीने. खरं तर धूळ नव्हती.

१ ऑक्टोबर, रविवार
चर्चला गेलो नाही. घड्याळात दोष असावा. नियमातही आहे. घाईत केलेला नियम. कुणी केला याला महत्त्व नाही.

७ ऑक्टोबर, शनिवार, दुपारी
क्लबची वार्षिक सभा, फायर स्टेशनच्या हॉलमध्ये. जेवायला चिली, म्हणजे खिमा-राजम्याची तिखट आमटी. मी उभा राहून, कुणालाही न भिता, ब्रेकबंदी उठवा असा ठराव मांडला. लोवेल म्हणाला, ही बंदी तूच आणलीस ना? मी म्हणालो, म्हणूनच मला तिची पूर्ण माहिती आहे.

मत घेतलं. बाजूने हात वर करा म्हणाला. मी केला, चांगला ताठ. त्रेपन्न माणसांत एकच हात.

परत येताना गाडीत नॅडीनला विचारलं, तू तरी? म्हणाली, दोन्ही हातांत चिलीचा वाडगा होता रे.

वाडगा मी पाहिला होता. रिकामा होता, टेबलावर.