स्टँडचा वाद आणि सोफ्याचा डावा कोपरा

रहाटणी,
रविवार, दुपार

प्रिय नागसेन,

सप्रेम जय भीम. इकडे आम्ही दोघं ठीक. तुझी शुगर आटोक्यात असेल आणि कस्तुरावहिनींचा गुडघा त्यांना दापोडी स्टेशनचा जिना चढू देत असेल, अशी आशा करतो (देत नसेल तर विजयश्रीने तिळाचं तेल काढून ठेवलंय, तिचा तुमच्यावर राग नाही, माझ्यावर आहे). फोन सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोन केला असता तर तू उचलला नसतास, आणि चुकून उचलला असतास तर मी हवापाण्याचं काहीतरी बोलून ठेवून दिला असता. आठ महिने झाले, राव, आपण बोललो नाही. बावीस वर्षं चाकणच्या एकाच कंपनीत, मी मेन्टेनन्सला आणि तू क्वालिटीला, येता-जाता कंपनीच्या बसमध्ये एकाच सीटवर. रिटायर झाल्यावरही चार वर्षं तू दर रविवारी माझ्याकडे गाणी ऐकायला यायचास. आणि आपण भांडलो कशावरून, तर लोखंडी स्टँडवरून! चारचौघांत सांगायची सोय नाही.

स्टँड मी काळेवाडीच्या किसन वेल्डरकडून करून घेतला, हे तुला माहीत आहे. ॲम्प्लिफायर आणि रेकॉर्ड प्लेअर टीव्हीच्या शोकेसवर ठेवले की ते थरथरतात आणि आवाज गढूळ होतो, हे माझं म्हणणं. (किसनने विचारलं होतं, काका, मशीन किती टनाचं? सात किलोचं म्हटल्यावर त्याने मापाची टेप गुंडाळून खिशात घातली.) स्टँड आला, मी स्पिरिट लेव्हल लावून चारही पाय जुळवले आणि तुला म्हणालो, बघ, आवाज कसा मोकळा झाला! त्यावर कुणीही मित्र 'हो' म्हणून चहा प्याला असता. पण तू पडलास क्वालिटीवाला. म्हणालास, ट्रायल घेऊ.

मग तू मला भिंतीकडे तोंड करून बसवलंस. एकच गाणं दहा वेळा वाजवलंस, कधी ॲम्प्लिफायर स्टँडवर, कधी विजयश्रीच्या बाथरूममधल्या लाल प्लॅस्टिकच्या स्टुलावर, आणि माझी उत्तरं कॅलेंडरच्या मागे टिपत गेलास. दहापैकी चार बरोबर. नाणं उडवलं असतं तर पाच तरी आली असती, असं तू म्हणालास आणि विजयश्री स्वयंपाकघरातून खो खो हसली. तिथं माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, एका कानाने बहिऱ्या माणसाने मला आवाज शिकवू नये. तू उठलास. चष्मा घातलास, पिशवी घेतलीस आणि बस पकडायला गेलास. चहा तसाच राहिला.

आता मुद्द्यावर येतो (हे पत्र पूर्णपणे तांत्रिक आहे, हे लक्षात घे). पुढच्याच रविवारपासून सेटचा आवाज घुमायला लागला. गाणारी बाई न्हाणीघरात उभी राहून गातेय असं वाटायचं. मी स्टँडवर संशय घेतला. पायांत वाळू भरली. जड मशीनखाली बसवतात ते रबरी पॅड आणून खाली घातले. वरती ग्रॅनाइटचा तुकडा ठेवला. खालच्या मजल्यावरच्या सुमनताई वर येऊन विचारून गेल्या, की तुम्ही घरात कारखाना काढताय का, सोसायटीची परवानगी घेतलीय का. घुमणं तसंच. तीन आठवड्यांपूर्वी शेवटी कंपनीतल्यासारखा कागद घेतला आणि पाच वेळा 'का' लिहिलं. आवाज का घुमतो? भिंतीवर आपटून परत येतो. का परत येतो? मधे त्याला पिऊन टाकणारं काही नाही. का नाही? सोफ्याचा डावा कोपरा रिकामा आहे. तो का रिकामा? तिथं बसणारा पंच्याऐंशी किलोचा नागसेन येत नाही. का येत नाही?

इथं पेन अडलं. तुला आठवतं, मूळ कारणाच्या रकान्यात कुणी 'ऑपरेटरची चूक' लिहिलं की तू लाल पेनने कागद परत पाठवायचास? म्हणायचास, माणसावर ढकलू नका, व्यवस्थेत शोधा. मी दोन दिवस व्यवस्थेत शोधलं, लेका. काही सापडलं नाही. शेवटी लिहिलं, ऑपरेटरची चूक. ऑपरेटरचं नाव, ज्योतीराम.

आणि एक गोष्ट त्या कागदात बसली नाही. तुझा कान गेला प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबणाऱ्या मशीनपाशी तपासणीला उभं राहून. प्रेसखालचे पॅड बदला, हादरा आणि आवाज सहन होत नाही, असं तू दोन वर्षं लिहून देत होतास, आणि ते काम मेन्टेनन्सचं, म्हणजे माझं होतं. मी बघतो बघतो म्हणत राहिलो. दोनशे टनाच्या प्रेसखाली पॅड घालायला मला दोन वर्षं लागली आणि सात किलोच्या डब्याखाली एका दुपारी घातले. मी तुझ्या कानावरून बोललो, त्याची मला लाज वाटते. माफ कर.

स्टँडने आवाजात काडीचा फरक पडत नाही, हेही लेखी देतो. कस्तुरावहिनींना नमस्कार.

तुझा,
ज्योतीराम

ता. क. स्टँडवर आता कांदे-बटाटे असतात. विजयश्री म्हणते, वजनाला दणकट आहे.

ता. क. २. इतकी वर्षं सेट तुझ्या उजव्या बाजूला होता, म्हणजे नेमका गेलेल्या कानाकडे. तू एकदाही बोलला नाहीस आणि माझ्याही ध्यानात आलं नाही. परवा सेट उचलून डावीकडे, बाल्कनीच्या बाजूला लावला. त्यापायी टीव्ही स्वयंपाकघराच्या दारात गेलाय आणि घरात माझ्याशी मोजकंच बोललं जातं.

ता. क. ३. तू क्वालिटीवाला, ट्रायल घेतलीस तर उघडं पडेल, म्हणून आत्ताच सांगतो. तुझ्या कोपऱ्यात पन्नास किलो गव्हाचं पोतं उभं केलं की घुमणं पूर्ण जातं. मागचे दोन रविवार मी पोत्याशेजारी बसून गाणी ऐकली. आवाज एकदम स्वच्छ. पण गाणं संपल्यावर 'काय गायली राव' म्हणायला कुणी नाही. येत्या रविवारी दहा वाजता ये. पोतं शनिवारीच गिरणीत नेतो.