रिपोर्ट नॉर्मल आला

प्रिय यामिनीताई,

तुझं बेटमा गाव बसने तासाभरावर, पण मला तिथवर पोचायला दोन वर्षं लागली, तेही पत्राने. दिवाळीत दोनदा फोन लावला होता. तू ‘हॅलो’ म्हणालीस आणि मी ठेवून दिला. ती मीच.

घरी सगळे बरे. बाबांचा गुडघा दुखतो. आईने तुझं कपाट रिकामं केलेलं नाही, फक्त त्याच्यापुढे शिलाई मशीन सरकवलंय. दिवा लागला की बाबा अजूनही समोर बसवून विचारतात, आज खरं काय सांगायचंय? शाळेत जायच्या आधी अक्षरांबरोबर त्यांनी आपल्याला हेच शिकवलं. तू ‘दोन जिलब्या जास्त खाल्ल्या’ म्हणून सुटायचीस. मी मात्र दुपारपासून मनात काहीतरी शोधत बसायचे.

तू घर सोडण्याआधीच्या त्या संध्याकाळी मी तुझं सांगितलं. तुझ्या फोनमधले मेसेज, रोज नवी माणसं, हॉटेलांची नावं. कुणी विचारलं नव्हतं. सांगायचं ते स्वतःचं, दुसऱ्याचं नव्हे, एवढी साधी गोष्ट मला तेव्हा सुचली नाही. आई ओरडत होती आणि तू माझ्याकडे बघून म्हणालीस, “कस्तू, मला थांबताच येत नाही गं. सच्ची.” मला वाटलं, बहाणे करतेय.

ताई, आता मलाही थांबता येत नाही. अनोळखी माणसं, ऑफिसातून खोटं बोलून निघणं, घरी येऊन कातडी सोलवटेपर्यंत अंघोळ, गणपतीपुढे शपथ. चार दिवस जातात, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. त्यातलं सुख कधीच संपलंय. नेटवर वाचताना ‘हार्मोन्स’ हा शब्द सापडला आणि मी त्याला घट्ट धरलं, कारण त्यात माझी चूक नव्हती. तोंडाला दुपट्टा बांधून जाऊन रक्त दिलं. थायरॉइड, प्रोलॅक्टिन, सगळं. रिपोर्टात एकाही आकड्यापुढे बिघाडाची खूण नव्हती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “सब नॉर्मल है बेटा, लोग तो खुश होते हैं!” आणि मी तिथेच रडायला लागले.

मग त्यांनी दार लावून घेतलं, पाणी दिलं. म्हणाल्या, हे पुरुषांना होतं, बायकांनाही होतं. हार्मोन्सचा काही भाग असेलही, पण सगळं त्यांच्यावर ढकलता येत नाही. तरी हा आजार आहे, निर्लज्जपणा नाही, आणि यावर इलाज आहे. त्या बोलत होत्या आणि मला तुझा तो चेहरा दिसत होता. तुझंही हेच होतं असं मी म्हणत नाही. तुझं मी पुन्हा कधी सांगणार नाही.

आठ महिने बाबांपुढे मी ‘आज काही नाही’ म्हणतेय. त्यांना वाटतं, पोरगी सुधरली. खरं सांगायला घरात कुणी उरलं नाही, आणि जी होती तिला मीच घालवलं. गुरुवारी बारा वाजता डॉक्टरांनी परत बोलावलंय. सोबत असं एक माणूस आणायला सांगितलंय, जे ऐकून तोंड फिरवणार नाही. खूप विचार केला, दुसरं नाव सुचलं नाही. तुला आपल्या गल्लीत यावं लागणार नाही. मी दहाला बेटम्याच्या स्टँडवर तुला घ्यायला येते. माफ केलंस असं धरणार नाही. फक्त बसमध्ये शेजारी बस. नाहीच आलीस तर साडेदहाच्या बसने एकटी जाईन, पण जाईन. हे मात्र खरं सांगतेय.

तुझीच,
तुझं सांगून बसलेली,
कस्तुरी