पाठमोरी फुलं

४ एप्रिल
भिंतीलगतच्या वाफ्यात सूर्यफुलांना कोंब आले! थंडीत सगळं वाळून मातीला मिळालं होतं. हे म्हणाले, "मेली ती." नर्सरीवाला मात्र म्हणाला होता — ही बहुवर्षी जात आहे, वरचं जाऊ द्या, मुळांना हात लावू नका, दर वर्षी उठतील. उठली! आता सहा फूट होऊ देत. पलीकडची धाकट्या जावेची खिडकी झाकली की माझ्या डोक्याचा ताप गेला.

"हिच्या हाताला काही जगत नाही" — भरल्या घरात म्हणाली होती. माझं बाळ गेलं त्याच आठवड्यात. तेव्हापासून तिच्याशी बोलले नाही. बोलणारही नाही.

२० जून
काठ्या रोवल्या, सुतळीने बांधलं. कंबर धरली. ह्यांना हाक मारली तर पेपरातून डोकं वर नाही.

२ ऑगस्ट
फुलली. पिवळीधमक! आणि सगळीच्या सगळी तिच्याकडे तोंड करून! ऊन तिकडून येतं ना. खत मी घातलं, पाणी मी घातलं, आणि माझ्या वाट्याला काय — देठं आणि पाठी. "आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं," म्हणून हे पोट धरून हसले. मला रडू आलं.

९ ऑगस्ट
तिची खिडकी हल्ली दिवसभर उघडी. पडदासुद्धा नाही. देठांच्या फटीतून दिसते — उशीला टेकून फुलं बघत पडलेली, महाराणी! कामधंदा नाही का हिला?

हे म्हणाले, "अगं, तिची तब्येत—"

"तिचं नाव काढू नका या घरात!" हे पुन्हा पेपरात शिरले.

१० ऑगस्ट
कापली. सगळी, बुडापासून. हाताला फोड आले. फुलांसकट खताच्या खड्ड्यात फेकली. बघ आता काय बघायचं ते!

११ ऑगस्ट
दीर आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दारातच उभे.

"वहिनी, फुलांना कीड लागली का हो?"

मी फोड आलेले हात पदराखाली घेतले.

"नाही, तिची खाट मुद्दाम खिडकीशी आणली होती. उठवत नाही आता तिला. रोज म्हणायची, ताईंच्या हाताला काय बहर येतो बघा! सकाळपासून विचारतेय, कुठे गेली म्हणून."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे पेपर वाचत होते.

१२ ऑगस्ट
खड्ड्यातली फुलं काळी पडलीत. वाफा उकरून पाहिला. मुळं धडधाकट आहेत, पुढच्या वर्षी पुन्हा येतील. डॉक्टरांनी तिला महिनाच सांगितलाय.