माझ्या पोटाचा जाहीर निकाल

तीर्थस्वरूप भावोजींस,

साष्टांग नमस्कार, पण उभ्यानेच (पालथं पडलं की सकाळचं घशाशी येतं). ताईचा गुडघा आता बरा असेल. तुमच्या पोटाची चौकशी करत नाही. ते दगडसुद्धा पचवतं हे सगळ्या घराला तोंडपाठ आहे.

तर भावोजी, मी जिंकलो! दोन घास खाल्ले की माझं पोट टम्म फुगतं, मळमळतं, दुपारचं जेवण संध्याकाळीही जागचं हलत नाही, हे मी वर्षानुवर्षं सांगतोय. त्यावर भर जेवणात, सगळ्यांसमोर, "पोटात काही नाही, सगळं डोक्यात आहे" असं तुम्हीच म्हणाला होता आणि सगळे खो खो हसले होते. (हसणाऱ्यांत ताईही होती. ते मला फार लागलं.) दिवसभर गिऱ्हाइकांच्या कमरा मोजायच्या आणि स्वतःच्या पँटला गुपचूप इलॅस्टिक घालायचं, असा शिंपी मी एकटाच असेन. शेवटी मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथे अंड्यात कसलंसं औषध कालवून खायला घालतात आणि यंत्रासमोर उभं करून ते पोटातून कधी निघतं ते बघतात. माझं निघेना! मागून आलेले लोक तपासून घेऊन घरी गेले, फोटो काढणाऱ्या बाई जेवून आल्या, तरी माझं अंडं जुन्या भाडेकरूसारखं ठाण मांडून. बाई वैतागल्या, मी मात्र दर फोटोला खुलत होतो. डॉक्टर म्हणाले, "तुमचं पोट फार हळू रिकामं होतं. त्रास खरा आहे." भावोजी, मी तिथेच रडलो. आनंदाने.

रविवारी सगळे जेवायला जमाल, तेव्हा हे पत्र तुम्ही उभं राहून मोठ्याने वाचावं, एवढीच विजेत्याची अट.

आपला (आता पुराव्यानिशी आजारी)
धाकटा मेहुणा

ता. क. रिपोर्टची प्रत सोबत आहे. काळा डाग दिसतो ते अंडं.

आणखी ता. क. डॉक्टरांना तुलनेसाठी एक ठणठणीत पोट हवं होतं. मी ऐटीत बायकोलाच पुढे केलं. हिचं अंडं माझ्याहूनही उशिरा निघालं. हिला जन्मात कधी साधी मळमळ नाही, आणि येताना वाटेत हिने दोन आइस्क्रीम खाल्ली! डॉक्टर म्हणतात, पोटाचा वेग आणि त्रास यांचा मेळ बसतोच असं नाही. त्रास मात्र खराच. पण एवढं बारीक तुमच्याकडे कोण ऐकून घेणार? म्हणून या ता. क.च्या वर मी खडूची रेघ मारली आहे. तिथे कापून मगच वाचावं. जन्मभर कापड तोकडं पडू नये म्हणून जपलो. आज पहिल्यांदाच मुद्दाम तोकडं कापायला सांगतोय.