हातात एक्के, तोंडात मूग

४ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. माझ्या खेळात प्रगती होते आहे, तिची नोंद कुठेतरी राहायला हवी.
खेळ म्हणजे ऑनलाइन पोकर. पैसे लावत नाही. फुकटच्या चिप्स मिळतात, संपल्या की दुसऱ्या दिवशी आणखी मिळतात. तरी ही, म्हणजे बायको, त्याला जुगारच म्हणते. मी सांगितलं, हा निर्णयक्षमतेचा व्यायाम आहे. ती म्हणाली की मग मोरीचा नळ गळतोय, प्लंबरला बोलवायचा निर्णय घेऊन दाखव.
बोलवला नाही. व्यायाम वेगळा, कटकट वेगळी.

५ फेब्रुवारी, सकाळी
पहिल्याच दोन पत्त्यांत दोन एक्के! सुरुवातीला याहून चांगला हात नसतो. आनंदाच्या भरात होत्या नव्हत्या त्या सगळ्या चिप्स एकदम लावल्या. टेबलावरच्या प्रत्येकानं निमूट पत्ते टाकून दिले. एक्के घेऊन मिळाली चिल्लर.
चेहरा दिसत नाही म्हणून काय झालं, उतावीळपणा दिसला. यापुढे चांगला हात कोणाला कळू द्यायचा नाही.

९ फेब्रुवारी
ऑफिसात एक व्हिडिओ पाहिला. (आमची लिफ्ट दुरुस्तीची कंपनी. मी तक्रारींच्या टेबलावर. फोन वाजत होता, पण बंद पडलेल्या लिफ्टमध्ये कोणी अडकलं नव्हतं, हे नंतर कळलंच.)
व्हिडिओतला उस्ताद म्हणतो, हात भारी असेल तेव्हा पैज लावूच नका. ‘चेक’ म्हणा. म्हणजे पैज न लावता पाळी पुढच्यावर ढकला. त्याला वाटतं समोरच्याकडे काही नाही. तो शेफारतो, स्वतःच चिप्स ओततो, मग शेवटच्या पत्त्याला झडप घाला.
मी याचं नाव ठेवलं, दबा. माझ्या स्वभावाला अगदी साजेसं. मुळात मी खोल माणूस आहे.

१० फेब्रुवारी
दबा धरला. जिंकलो! ‘निवांतबोका’ नावाचा एक गडी होता, त्याला पार धुतला. आईला सांगितलं. आई म्हणाली छान झालं, आणि विचारलं की बोका कोणाचा.

१३ फेब्रुवारी
पुन्हा दोन एक्के, टेबलावरच्या सामाईक पत्त्यांत तिसरा. चेक म्हणालो. पुन्हा चेक म्हणालो. निवांतबोक्याला काहीही न मोजता पुढचे पत्ते बघायला मिळाले आणि शेवटच्या पत्त्याला त्याचे पाच बदाम जुळले, म्हणजे तीन एक्क्यांवर भारी. मी झडप घातली ती थेट खड्ड्यात.
तत्त्व बरोबर होतं. पत्ता चुकला.

१७ फेब्रुवारी
आता दबा ऑफिसात.
नवीन हॉस्पिटलच्या सगळ्या लिफ्टची देखभाल आमच्या कंपनीकडे आली. तिथला इन्चार्ज कोण, असं साहेबांनी मीटिंगमध्ये विचारलं. कामाचा आराखडा मी केलेला, तिथले इंजिनीअर मला ओळखतात. हात भारी. म्हणून गरीब चेहरा करून म्हणालो, कोणीही चालेल, साहेब.
शेजारच्या टेबलावरचा चिकटराव लगेच म्हणाला की मला आवडेल. साहेब म्हणाले, व्हेरी गुड, उत्साह दिसतोय.
आराखड्याची फाइल चिकटरावला मीच नेऊन दिली. साहेबांना माणसं वाचता येत नाहीत. एवढा गरीब चेहरा केला तर समजायला नको?
हिला सांगितलं नाही.

१९ फेब्रुवारी
दादाचा फोन. त्यानं नवं घर घेतलंय, तळमजल्यावर. म्हणाला की आईचे गुडघे दुखतात, तुझ्याकडे तीन जिने, तिला आता माझ्याकडे पाठव. लिफ्ट कंपनीत काम करून बिनलिफ्टच्या बिल्डिंगमध्ये राहतोस, असंही वर म्हणाला. हा टोमणा तो दर फोनला मारतो. आईशी बोल म्हणालो आणि फोन तिच्याकडे दिला.

२० फेब्रुवारी, संध्याकाळी
मी टेबलावर होतो, म्हणजे मोबाइलवर. आई दारात आली. म्हणाली की दादा ये म्हणतोय, काय करू? आणि चौकटीला धरून उभी राहिली.
माझ्या मनात लख्ख होतं: जायचं नाही. आईशिवाय हे घर मला कल्पनेतही जमत नाही. शिवाय तिला इथून हलायचं नाही हेही मला ठाऊक. म्हणजे दोन्ही एक्के माझ्याकडे. अशा वेळी उतावीळ माणूस ‘नको नको’ करत सगळं उधळून टाकतो. मी शांतपणे म्हणालो, तुला योग्य वाटेल तसं कर.
आई बरं म्हणाली. थोडी थांबली. मी मान वर केली नाही, कारण तेवढ्यात मला राजांची जोडी आली होती. मग तिनं विचारलं, चहा टाकू का. टाक म्हणालो.
उत्तम खेळलो. आता ती स्वतःच म्हणेल, मी कुठं जात नाही.

२१ फेब्रुवारी
ही चिडली आहे. म्हणते, आईंना जायचं नाहीये, त्यांना तुझ्या तोंडून ‘जाऊ नकोस’ एवढंच ऐकायचंय, तुझी जीभ झिजते का? मी म्हणालो, आपण हातापाया पडलो की आपली किंमत जाते. थोडी कळ काढ. तिनं विचारलं की आईपुढे कसली रे किंमत. मग चादरीची घडी अशी काही घातली, की मी खोलीबाहेर आलो.
बायकांना लांबचा डाव दिसत नाही.

२३ फेब्रुवारी
आईनं माळ्यावरची मोठी बॅग काढून मागितली.
हा ब्लफ. हातात काही नसताना मोठी पैज. मी ओळखला. स्टुलावर चढून बॅग काढून दिली. फडक्यानं पुसलीसुद्धा. चेहऱ्यावर काही येऊ दिलं नाही. आईच्याही चेहऱ्यावर काही नव्हतं. खेळाडू आहे!

२५ फेब्रुवारी
आई हिला समजावत होती की कुंड्यांना पाणी किती घालायचं, मला सर्दी झाली की काय करायचं. ही डोळे पुसत होती. खोटं कशाला लिहू, उठून जावं आणि सांगावं असं वाटलं. दाराशी गेलोही.
पण दोन पत्ते उघडे झाल्यावर घाबरणारा खेळाडू मी नव्हे. शेवटच्या पत्त्याला बोलायचं असं ठरवलं आहे. निघायच्या दिवशी, नेमक्या क्षणी. त्याचा परिणाम वेगळाच होईल.

२८ फेब्रुवारी
दादा गाडी घेऊन लवकर आला. मी दाढी करत होतो. तोंड धुऊन येईपर्यंत बॅग दारात होती. जड होती, दादाची पाठ धरते, म्हणून मी उचलली. तिन्ही जिने मीच उतरवली. आई मागून कठडा धरून, एक पाय खाली, मग दुसरा पाय खाली.
गाडीपाशी मी झडप घातली. म्हणालो, आई, नको जाऊस.
दादा हसला, म्हणाला काय पण टायमिंग आहे तुझं. आई हळू म्हणाली की आता रे? त्यानं रजा काढलीय. वहिनीनं खोली रंगवून घेतलीय. त्यांना काय सांगू?
आईनं माझ्या गालावरचा राहिलेला साबण पदरानं पुसला आणि गाडीत बसली.
वर आलो तर ही कुंड्यांना पाणी घालत होती. भांडली असती तर बरं झालं असतं.

३ मार्च
ॲप काढून टाकलं.

६ मार्च
ॲप परत घेतलं. दोष ॲपचा नाही. दोन हात खेळलो, चांगल्या पत्त्यांवर रीतसर पैज लावली, जिंकलो. कोणाला तरी सांगावं असं वाटलं म्हणून आईच्या खोलीकडे निघालो होतो. मग बंद केलं.

१५ मार्च
दादाकडे जाऊन आलो. आईला घेऊनच येणार, असं हिला सांगून गेलो होतो. प्लंबरला बोलवलं, घरमालकाशी आमच्याच बिल्डिंगमधल्या पहिल्या मजल्यावरच्या जागेबद्दल बोललो, सगळी तयारी करून.
दार आईनंच उघडलं. बरी दिसते. सपाट रस्ता आहे, शेजारच्या बाईंबरोबर रोज फिरायला जाते म्हणाली. खोली खरंच सुंदर रंगवली आहे.
मी सगळं सांगितलं. तिनं जाऊ नये असं मला पहिल्या क्षणापासून वाटत होतं. ‘तुला योग्य वाटेल तसं कर’ म्हणालो तो डाव होता. डाव म्हणजे काय तेही सांगितलं, एक्के, चेक, दबा. आईला हे समजावताना माझे कान तापले. तोंडानं बोलून दाखवल्यावर त्यात हुशारी कुठेच सापडेना. मला स्वतःची लाज वाटली. एवढी लाज याआधी वाटल्याचं आठवत नाही.
आईनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं की मी दारात उभी होते, तेव्हा तू खेळत होतास का. हो म्हणालो. जिंकलास का, असं विचारलं. नाही म्हणालो. आई म्हणाली, अरेरे. मनापासून म्हणाली.
मी म्हणालो, आता चल. ती म्हणाली की इथे कोणी मला विचारलंच नाही बघ, ये म्हणाले आणि ठेवून घेतलं. मला ते बरं वाटलं. तू येत जा.
मग चहा आला. आईचा आणि दादाचा रोजच्या मगमध्ये. माझा सोनेरी काठाच्या कपात, बशीसकट. पाहुण्यांसाठी ठेवलेला तो कप वहिनीनं नाही, आईनंच कपाटातून काढला होता. बिस्किटांची प्लेट माझ्याकडे सरकवून म्हणाली, घे की, संकोच करू नकोस.
मी एक घेतलं.